राणीच्या अवतीभवती इतके देव कशाला?

"ही बाई जहाजातून उतरली, एवढंच यात खरं. बाकी सगळी भाटगिरी," असं म्हणत मामांनी पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं.

उघडलेल्या पानावर पीटर पॉल रुबेन्सचं चित्र होतं. ३ नोव्हेंबर १६०० या दिवशी मारी द मेदिची मार्सेय बंदरात उतरली. फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीशी तिचं लग्न प्रतिनिधीकरवी फ्लॉरेन्सलाच लागलं होतं. आता ती सासरी येत होती. घटना एवढीच. रुबेन्सच्या चित्रात मात्र तिच्या डोक्यावर कीर्तिदेवी दोन तुताऱ्या फुंकते आहे, सोनेरी लिलीफुलांचा निळा झगा पांघरलेला खुद्द फ्रान्स देश हात पसरून सामोरा आला आहे, आणि खाली पाणी फोडून नेपच्यून वर आला आहे. त्याच्यासोबतच्या जलकन्या अशा भरदार रंगवल्या आहेत की राणीकडे लक्ष जायला जरा वेळच लागतो.

मामांनी आयुष्यभर इतिहास शिकवला आणि निवृत्तीनंतर मोडी कागदांत डोकं घातलं. कागदावर तारीख आणि शिक्का असेल तर त्यांचा विश्वास, नाहीतर नाही. मी चित्रकला शिकलेली. या विषयावर आमचं एकमत होण्याचा संभव नव्हता, आणि तशी दोघांची इच्छाही नव्हती.

"भाटगिरी म्हणा हवं तर," मी म्हटलं, "पण या भाटाला इतके देव का लागले, हे तरी विचाराल? नुसती राणी रंगवूनही पैसे मिळालेच असते की."

"किती चित्रं म्हणालीस?"

"चोवीस. करार १६२२ च्या फेब्रुवारीतला, काम १६२५ मध्ये पुरं. एकवीस चित्रं तिच्या आयुष्यातल्या प्रसंगांची, तीन व्यक्तिचित्रं: ती आणि तिचे आईवडील. पॅरिसच्या लक्झेंबर्ग राजवाड्यातल्या एका लांबलचक दालनासाठी काढली होती. आता लुव्रमध्ये आहेत."

"आणि तोवर या बाईचं कर्तृत्व काय? मी सांगतो." मामा सावरून बसले. "१३ मे १६१० ला हिचा राज्याभिषेक झाला आणि दुसऱ्याच दिवशी हिच्या नवऱ्याचा भर रस्त्यात खून झाला. मुलगा आठ वर्षांचा. त्याच्या नावानं हिनं कारभार हाती घेतला. कुरकुर करणाऱ्या सरदारांना तनखे देऊन गप्प केलं, त्यात खजिना आटला. कोंचिनी नावाच्या मर्जीतल्या माणसाला डोक्यावर चढवून ठेवलं. १६१७ मध्ये पोरानं त्या कोंचिनीला लुव्रच्या दारात गोळ्या घालायला लावल्या आणि आईची रवानगी ब्लुआच्या वाड्यात केली. ती तिथून पळाली, पोराविरुद्ध फौज उभी केली, हरली, मग समेट. एवढ्या भांडवलावर चोवीस चित्रं काढायची तर देव आणावेच लागणार. सांगण्यासारखं काही नाही म्हणून!"

मामांनी हे चेष्टेनं म्हटलं. माझं म्हणणं मात्र तिथूनच सुरू होत होतं.

"सांगण्यासारखं नाही म्हणून नाही, मामा. सांगता येत नाही म्हणून. देव कुठे दाटीवाटीनं येतात ते बघा. ब्लुआहून पळण्याचा प्रसंग घ्या. १६१९ च्या फेब्रुवारीतली रात्र. राणी खिडकीतून शिडीवर आली. एक शिडी कशीबशी उतरली, पुढची उतरायचा धीर होईना. मग लोकांनी तिला झग्यात गुंडाळून खाली सोडलं. वय त्रेचाळीस, अंगानं स्थूल. आता रुबेन्सचं चित्र बघा. बुरुजाच्या पायथ्याशी राणी ताठ उभी, शेजारी मिनर्वा, आणि वर रात्रदेवी आपलं काळं वस्त्र पसरून पहारा देते आहे."

"म्हणजे खोटं."

"खोटं, पण यात फसणार कोण होतं? जेमतेम सहा वर्षांपूर्वीची गोष्ट. दालनात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला त्या शिडीचा किस्सा तोंडपाठ होता. अडचण वेगळीच होती. ती पळाली म्हटलं की कोणापासून पळाली ते आलंच. तो मुलगा तर गादीवर होता आणि ही चित्रं बघायला येणार होता. मिनर्वा मध्ये उभी केली की तो प्रश्नच कोणी विचारत नाही."

"वकिली बरी करतेस. कागद आहे का काही?"

कागद होता. रुबेन्सनं १३ मे १६२५ ला आपला विद्वान मित्र पेरेस्क याला लिहिलेलं पत्र. पत्र म्हटल्यावर मामांनी चष्मा वर सरकवला.

त्या पत्राची हकीकत अशी. १६१७ मध्ये मारीला पॅरिस सोडून जावं लागलं, तो प्रसंगही रुबेन्सनं या मालिकेसाठी तयार केला होता. राणीच्या सल्लागारांना तो झोंबणारा वाटला. तो काढून टाकला, आणि त्याच्या जागी रुबेन्सनं पॅरिसमध्येच एक नवं चित्र घाईनं रंगवून दिलं: राणीच्या कारभारातली सुखसमृद्धी. हातात तराजू घेतलेली मारी सिंहासनावर, भोवती मिनर्वा आणि विपुलता, आणि खाली मत्सर, अज्ञान वगैरे मंडळी जेरबंद. या नव्या चित्राचा राज्याच्या खऱ्या राजकारणाशी किंवा कोणा एका माणसाशी संबंध लागत नाही, असं रुबेन्स मित्राला कळवतो. आपल्यावर जास्त भरवसा टाकला असता तर बाकीचे विषयही गाजावाजा न होता पार पडले असते, अशी तक्रारही करतो. मग तेरावा लुई दालन बघायला आला. रुबेन्स स्वतः हजर नव्हता. मोच्यानं करून दिलेल्या नव्या बुटानं पाय इतका दुखावला होता की तो अंथरुणाला खिळला होता. राजाला चित्रं समजावून सांगायचं काम सेंत-आंब्रॉज या राणीच्या मर्जीतल्या मठाधिपतीनं केलं. आणि रुबेन्स मित्राला लिहितो की त्यानं खरा अर्थ मोठ्या कौशल्यानं कुठे बदलला, कुठे झाकला. राजा खूश होऊन गेला.

मामांना बुटाचा मजकूर फार आवडला. "हे खरं!" ते म्हणाले. "देवबीव नकोत, हा मोची खरा. पण तुझ्या लक्षात येतंय का, हे पत्र माझ्या बाजूनं बोलतंय? अर्थ चित्रात नाहीच मुळी, तो त्या मठाधिपतीच्या जिभेवर आहे. समोर यजमान कोण ते बघून आख्यान फिरवणारा कीर्तनकार तो."

"म्हणजे चित्रात दोन्ही अर्थांना जागा होती. आईला तिचा अर्थ दिसला, मुलाला त्याचा. दोघंही त्या दालनात उभी राहू शकली. मोठं काम आहे हे. दोन वर्षं सैन्य घेऊन एकमेकांसमोर उभे राहिलेले लोक होते ते."

"कागद असं करत नाही."

"करतो की. खोट्या सनदा तुम्हीच दाखवल्यात मला."

"दाखवल्या. आणि त्या खोट्या हेही दाखवलं. शाई पकडता येते, तिथी-वार जुळत नाहीत, कारकुनाचं वळण वेगळं पडतं. खोट्या कागदाला खोटं ठरवता येतं. ही तुझी मिनर्वा खोटी आहे, हे कसं सिद्ध करू? ती त्या रात्री तिथे नव्हती, असं सांगणारा साक्षीदार आणू?"

याचं पुरतं उत्तर माझ्यापाशी आजही नाही. रूपकाची सोय तीच आणि त्यातला धोकाही तोच.

मामांनी तेवढ्यावर थांबायला हवं होतं, पण गाडी उताराला लागली होती. "आणि आता चित्रांच्या तळाशी बघ. वर देव बघतेस, खाली कोण आहे ते बघ. कलह, द्वेष, मत्सर, कपट. ही माणसांची नावं आहेत का? अगं, हिच्याविरुद्ध उभे राहिले ते हाडामांसाचे लोक होते. राजघराण्यातले कोंदेसारखे सरदार होते, प्रॉटेस्टंट होते, पोटचा पोरगा होता. त्यांच्या काही मागण्या होत्या. तहनाम्यात निदान शत्रूचं नाव लिहावं लागतं, कलमं लिहावी लागतात. चित्रात गेला की त्याचा साप होतो. सापाशी कोण तह करतं?"

"नाव न घातलेल्या सापाशीच तह करता येतो, मामा. शेवटच्या चित्रांपैकी एकात आई-मुलाची दिलजमाई दाखवली आहे. तिथे अनेक तोंडांचा एक राक्षसी साप खाली कोसळतो. तो म्हणजे राजाचा लाडका सरदार लुईन, असं पुष्कळ अभ्यासक मानतात. मुलाला आईविरुद्ध फूस लावणारा तोच, असा राणीपक्षाचा समज. लुईन १६२१ मध्ये वारला. आता त्याचा चेहरा सापाला लावला असता तर राजा चिडला असता. आपल्याच मित्राची विटंबना ती. चेहरा नाही, त्यामुळे राजा मान डोलावू शकला. सगळा दोष सापाचा, दोघंही निर्दोष."

"आणि दिलजमाई टिकली किती?"

"चित्रं पुरी झाल्यावर पाच वर्षं."

मामा नुसते हसले. १६३० च्या नोव्हेंबरात मारीनं मंत्री रिशल्यूला घालवायचा डाव टाकला, तो तिच्यावरच उलटला. पुढच्या वर्षी ती फ्रान्स सोडून ब्रसेल्सला गेली ती परत आली नाही. १६४२ मध्ये कोलोनला, हाती फारसा पैसा न उरलेल्या अवस्थेत वारली. तिच्या नवऱ्याच्या पराक्रमाचं दुसरं दालनही रुबेन्सच करणार होता. ते अर्धवट राहिलं.

इथे वाचकाला एक सांगायला हवं. सतराव्या शतकातल्या युरोपची गाजलेली राजचित्रं बघत गेलं की ती एकाच घरातली निघतात. मारीची एक मुलगी स्पेनच्या चौथ्या फिलिपला दिलेली, दुसरी इंग्लंडच्या पहिल्या चार्ल्सला. मुलगा तेरावा लुई आणि नातू चौदावा लुई. रुबेन्स, व्हॅन डाइक, वेलास्केझ, रिगो हे चित्रकार या ना त्या राजवाड्यात याच कुटुंबासाठी राबत होते. म्हणून मी मामांना म्हटलं, आता जावयांकडे चला.

थोरल्यापेक्षा धाकट्या जावयाचं लवकर आटपतं. चार्ल्सनं लंडनच्या व्हाइटहॉलमधल्या मेजवानी-वाड्याचं छत रुबेन्सकडून रंगवून घेतलं. अँटवर्पमध्ये रंगवलेली नऊ चित्रं १६३६ मध्ये छताला बसवली. मधल्या लंबगोलात चार्ल्सचा बाप, पहिला जेम्स, गरुडावर पाय देऊन सदेह स्वर्गात चालला आहे. कडेच्या चित्रांत मिनर्वा आणि हर्क्युलिस दुर्गुणांना तुडवत आहेत. चार्ल्स त्या वेळी पार्लमेंटला न बोलावता राज्य करत होता. दिव्यांच्या धुरानं चित्रं काळी पडतील म्हणून त्या दालनातले नाचगाण्याचे खेळसुद्धा बंद केले गेले. ३० जानेवारी १६४९ ला चार्ल्सला वधस्तंभाकडे नेलं ते याच दालनातून, याच छताखालून.

"मग? सिद्ध झालं ना? छतानं काय केलं त्याचं?" मामा.

"छत काही करेल असं मी म्हटलंच नाही. जिथे हक्कच वादात असतो तिथे देव गोळा होतात, एवढंच माझं म्हणणं. राजाला देवानं नेमलं, प्रजेनं नाही, हे जेम्सनं लिहून ठेवलेलं मत. ते पार्लमेंटला मान्य नव्हतं, म्हणून छतावर काढावं लागलं."

"मघाशी म्हणालीस, सांगता येत नाही तिथे देव. आता म्हणतेस, हक्क वादात तिथे देव. एक काहीतरी ठरव. आणि हे घे." मामांनी पानं उलटून वेलास्केझचा फिलिप काढला. "हा तुझा दुसरा जावई. काळे कपडे, साधी ताठ कॉलर, हातात कागद. एक देव नाही, एक गरुड नाही. पण याच्या राज्याची दशा काय? १६४० मध्ये कॅटालोनिया उठला, पोर्तुगाल सुटला. तोवर आपल्या गोव्यावरही याचंच राज्य होतं. पोर्तुगालबरोबर तेही गेलं. तुझ्या हिशेबानं याच्याभोवती तर तेहतीस कोटी लागायला हवे होते."

हा नेम बरोबर बसला. पण फिलिपकडे जे नव्हतं ते सैन्य आणि पैसा. राज्य करायचा त्याचा हक्क कोणी काढत नव्हतं. कित्येक पिढ्यांचं हॅब्सबर्ग घराणं. मारीचं उलट. मेदिची म्हणजे मूळचे सावकार. त्यात परकी, त्यात विधवा, आणि फ्रान्सच्या कायद्यात बाईला गादीच नाही. तिला प्रत्येक पायरीवर कोणीतरी विचारणार: तू कोण? फिलिपला हे कोणी विचारत नव्हतं. ज्याला स्वतःची ओळख द्यायची गरज नाही त्याला काळा कोट पुरतो. हे मी मामांना सांगितलं, आणि त्यांना ते अर्धवट पटलं असावं, कारण त्यांनी लगेच विषय पुढे नेला.

"बरं, मग याच फिलिपच्या माद्रिदच्या राजवाड्यातलं हे बघ," ते म्हणाले. चित्र हुआन बाउतिस्ता माइनोचं होतं. १६३० च्या दशकात बांधलेल्या बुएन रेतिरो राजवाड्यातल्या राज्यांच्या दालनासाठी काढलेलं. १६२५ मध्ये ब्राझीलमधलं बाहिया डचांकडून परत घेतलं त्याचं. सेनापती डॉन फाद्रिके सैनिकांना कापडावरचं एक मोठं चित्र दाखवतो आहे. त्या कापडावर फिलिपच्या डोक्यावर मिनर्वा आणि मंत्री ओलिवारेस विजयमुकुट धरून आहेत, आणि पायाखाली पाखंड, कलह आणि दगाबाजी. म्हणजे सगळं रूपक त्या कापडावर. चित्राच्या पुढच्या भागात मात्र जमिनीवर एक जखमी सैनिक, आणि त्याच्यावर वाकून जखम पुसणारी एक बाई.

"हा माझा माणूस," मामा म्हणाले. "देवांना त्यानं कापडावर ठेवलं. हे छापील आहे, हे दरबारी आहे, असं सरळ दाखवलं. आणि रक्त कुठे आहे? पुढे, आपल्या बाजूला."

मामांच्या तोंडून एखाद्या चित्रकाराची स्तुती मी पहिल्यांदाच ऐकत होते, त्यामुळे गप्प राहिले. मनात मात्र आलं, की तो जखमी आणि ती बाई यांनाही एखादा धर्मशास्त्री 'करुणा' हे नाव देऊन रूपकच ठरवेल. एकदा रूपकं शोधायची सवय लागली की साधी जखमसुद्धा साधी राहत नाही.

याच फिलिपमुळे मला आणखी एक चित्र आठवलं आणि ते मी मामांना दाखवलं. रुबेन्सनंच १६२२ च्या सुमाराला काढलेलं मारीचं व्यक्तिचित्र, आज माद्रिदच्या प्रादोमध्ये असलेलं. काळा वैधव्यवेष, पांढरी कॉलर, थोडी हनुवटी सुटलेली, नजर सावध. कोणी देव नाही. पार्श्वभूमी पुरी केलेलीच नाही. ते चित्र रुबेन्सनं स्वतःजवळ ठेवलं; त्याच्या मृत्यूनंतर ते विकत घेतलं जावयानं, फिलिपनं.

मामांनी बराच वेळ बघितलं. "मागची बाजू रिकामी आहे," ते म्हणाले. "देव यायचे राहिले असतील."

नातवाची गोष्ट सोपी आहे, निदान मला तशी वाटते. तरुण चौदाव्या लुईला सूर्यदेव अपोलो व्हायची हौस होती. १६७० मध्ये झाँ नोक्रेनं सगळं राजघराणं ऑलिम्पसचे देव म्हणून रंगवलं, त्यात लुई अर्थात अपोलो. व्हर्सायच्या आरसेमहालाचं छत करायची वेळ आली, तेव्हा शार्ल ल ब्रँनं आधी अपोलोची कथा सुचवली, मग हर्क्युलिसची. शेवटी १६७९ च्या आसपास ठरलं की आता हर्क्युलिसही नको. राजा स्वतःच दाखवायचा, त्यानं जिंकलेली युद्धं दाखवायची. देवी आल्या, पण त्याच्या दिमतीला. १७०१ मध्ये रिगोनं काढलेल्या प्रसिद्ध चित्रात तर एवढेही देव उरले नाहीत. खांबाच्या तळाशी न्यायदेवतेचं लहानसं शिल्प, बस्स. बाकी सगळा राजा: अर्मिनची कातडी, लिलीफुलांचा झगा, शार्लमेनची म्हणवली जाणारी तलवार, उलटा धरलेला राजदंड, लाल टाचांचे बूट आणि त्रेसष्टाव्या वर्षी तरण्या नर्तकासारखे पाय. चित्र स्पेनच्या गादीवर गेलेल्या नातवाला पाठवायचं होतं. लुईला इतकं आवडलं की त्यानं ते ठेवूनच घेतलं.

"हा कळस झाला," मामा म्हणाले. "देव होते तेव्हा निदान राजाच्या वर कोणीतरी होतं."

हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं. १८४० मध्ये इंग्रज लेखक थॅकरेनं या चित्राची टर उडवणारं व्यंगचित्र काढलं: एकीकडे नुसता झगा, टोप आणि उंच टाचांचे बूट, दुसरीकडे झगा उतरवलेला टकला म्हातारा, आणि तिसरीकडे दोन्ही एकत्र, म्हणजे राजा. मामांना ते माहीत होतं. देव असते तर थॅकरेला हे इतकं सोपं गेलं नसतं, असं मला वाटतं.

आता मामांनी आपला राखून ठेवलेला पत्ता टाकला. "तुमचे रुबेन्स राहू देत. आपल्याकडे बघ. जहांगीर आणि मलिक अंबर."

ते चित्र मला माहीत होतं. १६१६ च्या सुमाराचं, अबुल हसनचं, आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात. पृथ्वीच्या गोलावर जहांगीर उभा, गोलाखाली बैल, बैलाखाली मासा. आकाशातून पंखवाली युरोपीय बाळं त्याला हत्यारं पुरवताहेत. समोर भाल्यावर मलिक अंबरचं तोडलेलं मुंडकं, त्याच्यावर घुबड, आणि बादशहा त्यावर नेम धरून बाण सोडतो आहे. न्यायाचा तराजूही आहे.

"आणि खरं काय?" मामांचा आवाज चढला. "अंबर जहांगीरच्या हाती कधीच लागला नाही. खडकी वसवली, नहरी खोदल्या, गनिमी काव्यानं मुघलांना दख्खनभर पळवलं. १६२४ मध्ये भातवडीला मुघल आणि आदिलशाही या दोन्ही फौजा मिळून आल्या, त्यांना त्यानं धूळ चारली. शहाजीराजे तेव्हा अंबरच्या बाजूनं लढत होते. त्यांचा भाऊ शरीफजी तिथेच पडला. १६२६ मध्ये अंबर म्हातारा होऊन आपल्या मरणानं मेला. आता सांग, हे मुंडकं कुठून आलं?"

"गोव्यातून," मी म्हटलं.

"काय?"

"मुंडकं नाही, पण अशा चित्राची रीत. १५८० मध्ये जेझुइट पाद्री गोव्याहून फत्तेपूर सिक्रीला गेले, तेव्हा त्यांनी अकबराला अँटवर्पला छापलेलं अनेक भाषांतलं बायबल नजर केलं. त्याच्या सुरुवातीच्या कोरीव चित्रांत एक आहे राजाच्या धर्मनिष्ठेचं: स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची धर्मनिष्ठा म्हणजे एक देवी. अकबराच्या बसावननं ते चित्र समोर ठेवून स्वतःचं काढलं. जहांगीरच्या काळापर्यंत पंखवाली बाळं, पृथ्वीचा गोल, तेजोवलय हे सगळं मुघल चित्रकारांच्या हातात बसलं होतं. आणि अँटवर्पच्या त्याच छापखान्यासाठी रुबेन्स पुढे ग्रंथांची मुखपृष्ठं काढून देत होता. एकाच झाडाच्या दोन फांद्या, मामा. मारीचं दालन भरायच्या आधीच इथे बाण सुटला होता."

मामांना ही वंशावळ आवडली, पण त्यांनी मुद्दा सोडला नाही. "असेल. पण फरक बघ. रुबेन्सनं शत्रूचा साप केला. अबुल हसननं चेहरा ठेवला. हे जास्त निर्लज्ज की जास्त प्रामाणिक?"

"जास्त चिडलेलं," मी म्हटलं. "जहांगीर आपल्या आठवणींतही अंबरला शिव्या घालतो. समेट करायचाच नव्हता, म्हणून चेहरा लपवायची गरज पडली नाही."

"पण त्याला तो चेहरा मिळाला कुठून? भेट तर कधी झाली नाही."

चेहरे गोळा करायचा जहांगीरला छंदच होता. शाह अब्बासचा चेहरा मिळावा म्हणून त्यानं इराणला गेलेल्या वकिलाबरोबर बिशनदास नावाचा चित्रकार धाडला होता. आणि अंबरचं एक साधं व्यक्तिचित्रही त्याच काळातलं आहे, हाशिम या चित्रकाराचं म्हणून ओळखलं जाणारं. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. बाजूनं दिसणारा गंभीर चेहरा, पांढरा जामा, तलवार. घुबड नाही, बाळं नाहीत. एखाद्या प्रतिष्ठित सरदाराचं असावं तसं.

"बघ!" मामांनी मांडीवर थाप मारली. "जगाला दाखवायला मुंडकं, आणि आपल्या वहीत खरा माणूस. म्हणजे त्यांनाही माहीत होतं."

"जगाला कुठे? दोन्ही वहीतच होती, मामा. रुबेन्सची चित्रं भिंतीला, येणारा-जाणारा बघणार. मुघलांचं हे काम वीतभर कागदावर. मांडीवर घेऊन बघायचं, मर्जीतल्या दोन-चार माणसांना दाखवायचं, की पुन्हा बासनात. अंबरच्या सैन्यातल्या एकानंही ते बघितलं नसेल. दख्खनच्या रयतेनं तर नाहीच."

"मग फसवलं कोणाला?"

"तेच विचारते आहे मी मघापासून."

मामा थोडा वेळ त्या पानाकडे बघत राहिले. मग चष्मा काढून पुसत म्हणाले, "तो बाण मारून रात्री झोप तरी बरी लागली असेल त्याला. निदान भातवडीची बातमी येईपर्यंत."